सूर्यमालेची फेरी, आकाशाच्या वेळापत्रकाप्रमाणे

शाळेच्या पुस्तकात सूर्यमाला बुधापासून सुरू होते आणि नेपच्यूनवर संपते. दुर्बिणीतून ती बघायला घेतली की हा क्रम कामाचा नाही, हे लगेच कळतं. बुध वर्षातले थोडेच दिवस, आणि तेही संधिप्रकाशात दिसतो. मंगळ साधारण २६ महिन्यांतून एकदा बघण्याजोगा मोठा होतो. शनी दर वर्षी काही आठवडे सूर्याच्या झगमगाटात हरवतो. कोणता ग्रह कधी बघायचा हे आकाश ठरवतं. आपण तारखा माहीत करून घ्यायच्या आणि त्या सुमाराला तयार राहायचं. सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या काळात सूर्य, आपला चंद्र, सातही ग्रह आणि त्यांचे काही उपग्रह असे बघून झाले. नवख्याला कुठे अडायला होतं, कशाची वाट बघावी लागते आणि कशाचा बाऊ करू नये, ते झालं त्या क्रमानं लिहिलं आहे.

आधी साधनांचं. सगळं काम १५० मिलिमीटर आरशाच्या साध्या डॉब्सोनियन दुर्बिणीतून झालं. नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं अंतर) १२०० मिमी, २५ मिमी आणि १० मिमीचे दोन आयपीस (डोळा लावायची भिंगं), एक दुप्पट बार्लो, म्हणजे वर्धन दुप्पट करणारं जोडभिंग. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्यानं भागलं की वर्धन मिळतं, म्हणजे इथे ४८ पट आणि १२० पट. १० मिमीला बार्लो जोडली की २४० पट. हे २४० पट फार थोड्या रात्री उपयोगी पडतं. बहुतेक वेळा हवाच इतकी थरथरते की १२० पटीच्या पुढे फक्त धूसरपणा मोठा होतो. मोटार नाही, कॅमेरा नाही. खर्चाचा क्रम विचाराल तर दुर्बिणीनंतर पहिला खर्च सूर्याच्या फिल्टरवर, दुसरा एका चांगल्या आयपीसवर. बाकी सगळं नंतर.

प्रत्येक रात्री तीन गोष्टी न चुकता कराव्या लागतात. दुर्बीण घरातून बाहेर काढल्यावर आरसा बाहेरच्या हवेइतका थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्यायचा. तोवर नळीत गरम हवेचे झोत फिरत असतात आणि ग्रहाची कडा उकळल्यासारखी दिसते. पुष्कळ लोक याच वेळी ‘दुर्बीण खराब आहे’ म्हणून ती आत ठेवून देतात. दुसरं, आरशांची जुळणी. एखादा ठळक तारा मध्यभागी घेऊन फोकस थोडा बिघडवायचा. दिसणारी वर्तुळं एकात एक बरोबर बसलेली असली पाहिजेत. ती एका बाजूला कललेली असतील तर मुख्य आरशामागचे स्क्रू थोडे थोडे फिरवायचे आणि दर वेळी तारा पुन्हा मध्यभागी आणून तपासायचं. तिसरं, फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी जोडदुर्बीण. तो दिवसाउजेडी, सूर्याच्या विरुद्ध दिशेच्या एखाद्या लांबच्या मनोऱ्यावर जुळवून ठेवला की रात्रीची शोधाशोध निम्म्यावर येते.

आणि नोंदवही. सुरुवातीला हे कारकुनी काम कंटाळवाणं वाटतं, पण फेरी पूर्ण होते ती हिच्याच जोरावर. रकाने ठरलेले असावेत: तारीख, सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ, वर्धन, ग्रहाची क्षितिजापासूनची उंची, हवेची स्थिरता आणि चित्र. वेळ जागतिक वेळेत (भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा) लिहावी, कारण उपग्रहांची कोष्टकं बहुतेक त्याच वेळेत असतात. स्थिरतेसाठी अँटोनियाडी मापन वापरतात: एक म्हणजे निश्चल, पाच म्हणजे काही रेखाटताही येऊ नये इतकं अस्थिर. चित्रावर पश्चिम दिशा दाखवायचीच. त्याला सोपा उपाय आहे. दुर्बीण हलवू नका. ग्रह आपोआप सरकत क्षेत्राच्या ज्या कडेनं बाहेर जाईल ती पश्चिम. आरशाच्या दुर्बिणीत प्रतिमा उलटी असते, त्यामुळे ही खूण नसलेलं चित्र महिन्याभरानं आपलं आपल्यालाही लागत नाही.

सुरुवात शनीनं झाली, कारण ८ सप्टेंबर २०२४ ला त्याची प्रतियुती होती. प्रतियुतीला ग्रह सूर्याच्या बरोबर समोर असतो, सूर्यास्ताला उगवतो, रात्रभर दिसतो आणि त्याच सुमाराला, त्या वर्षापुरता, आपल्या सर्वांत जवळ असतो. शनीच्या बाबतीत ‘जवळ’ म्हणजे जवळपास १३० कोटी किलोमीटर. त्याचा प्रकाश पोचायला सव्वा तासाला थोडा कमी वेळ लागतो. ४८ पटीतही कडी स्वच्छ वेगळी दिसतात. चित्रांत बघितलेली रुंद, पसरट कडी मात्र नव्हती. त्या वर्षी कड्यांचा आपल्याकडचा कल चार अंशांच्या आसपास होता, त्यामुळे ती ग्रहाच्या दोन्ही बाजूंना निमुळत्या टोकांसारखी दिसत होती. १६७५ मध्ये कॅसिनीनं नोंदवलेली काळी फट या कोनात छोट्या दुर्बिणीला जवळजवळ अशक्यच. ती दिसली नाही म्हणून हिरमुसू नये. दोष भूमितीचा असतो.

शनीजवळ एक ठिपका ताऱ्यासारखा स्थिर चमकत होता. तो टायटन, शनीचा चंद्र. हायगेन्सनं तो १६५५ मध्ये शोधला. व्यास ५,१५० किमी, म्हणजे बुधापेक्षा मोठा. शनीभोवती त्याची फेरी १६ दिवसांत होते, तेव्हा दोन-तीन रात्री आड त्याची जागा कागदावर मांडत गेलं की महिन्याच्या आत त्याची कक्षा डोळ्यांसमोर उभी राहते. काळोख चांगला असेल तर ग्रहाच्या जवळ आणखी एक अंधुक ठिपका सापडतो, ऱ्हीया. तिच्यासाठी शनीला आयपीसच्या क्षेत्राच्या किंचित बाहेर ढकलावं लागतं, नाहीतर त्याच्या उजेडात ती हरवते.

याच काळात चंद्राचा सराव चालू होता. चंद्र पौर्णिमेला बघू नये, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. पण पौर्णिमेला सूर्य चंद्राच्या त्या बाजूवर डोक्यावर असतो, सावल्या पडत नाहीत आणि सगळं सपाट दिसतं. शुक्ल अष्टमीच्या आगेमागे उजेड-अंधाराच्या सीमेवर नजर ठेवा. अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी कोपर्निकस या ९३ किमी रुंद विवरावर सूर्य उगवतो. आधी अंधारात फक्त कडेचा उजळ वर्तुळाकार तुकडा लटकलेला दिसतो, तळ काळाकुट्ट. मग मधल्या डोंगरांची टोकं ठिपक्यांसारखी पेटतात. अर्ध्या-पाऊण तासात फरक कळण्याइतका हा सूर्योदय पुढे सरकतो, आणि दुसऱ्या जगावरची सकाळ अशी डोळ्यांदेखत होताना बघून अंगावर काटा येतो. पुढे ग्रहांवरचे बारीक तपशील टिपायला जी नजर लागते, ती इथे घडते.

१७ नोव्हेंबरला युरेनसची प्रतियुती होती. तेव्हा तो वृषभ राशीत, कृत्तिकांपासून सहा-सात अंशांवर होता. दृश्यप्रत (तेजाचं माप; आकडा मोठा तितका ठिपका अंधुक) ५.६, म्हणजे अगदी काळोख्या जागी नुसत्या डोळ्यांनाही दिसू शकेल असा, पण ओळखू न येणारा. विल्यम हर्शेलनं १३ मार्च १७८१ ला तो पकडला तो यामुळेच, की त्या ठिपक्याचा आकार ताऱ्यासारखा बिंदुवत नव्हता. आजही कसोटी तीच. ४८ पटीत तो तारा वाटतो. १२० पटीत आजूबाजूचे तारे टोकदार राहतात आणि हा मात्र इवलीशी फिकट हिरवट-निळी चकती होतो. चकतीचा व्यास पावणेचार आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). त्याच्यावर काही तपशील शोधू नका, मिळणार नाहीत. याचं सगळं सुख तो ओळखण्यात आहे.

डिसेंबरात गुरू आला आणि महिनाभर दुसरं काही सुचलं नाही. ७ डिसेंबरला प्रतियुती, वृषभेतच, चकती ४८ आर्कसेकंदांची. मधले दोन तपकिरी पट्टे कोणालाही दिसतात. त्यापुढचं सगळं चिकाटीवर आहे. पंधरा-वीस मिनिटं आयपीसला डोळा लावून बसलं की हवा एखाद-दोन सेकंद थबकते, आणि तेवढ्यात पट्ट्यांच्या कडेचे खाच-खळगे, ध्रुवांकडची करडी छटा दिसून जाते. त्या सेकंदांची वाट बघणं हेच ग्रहनिरीक्षण. गुरू स्वतःभोवती ९ तास ५६ मिनिटांत फिरतो, म्हणजे पंधरा मिनिटांत नऊ अंश. चित्र काढायचं तर आधी मोठे पट्टे आणि ठिपके पटापट मांडून घ्यावेत, छटा नंतर भराव्यात. नाहीतर डावी-उजवी बाजू वेगवेगळ्या वेळांची होते. चित्राचा साचाही गोल नको. गुरू ध्रुवांकडे चपटा आहे आणि ते नजरेला कळतं.

तांबडा डाग, म्हणजे गुरूवरचं प्रचंड वादळ, बघायचा तर तो मध्यरेषेवर येण्याची वेळ आधी काढून ठेवावी. त्या वेळेच्या आगेमागे पाऊण तास तो नीट दिसतो, नंतर कडेला जाऊन चेपतो. नावाप्रमाणे तांबडा तो दिसत नाही. फिकट नारिंगी म्हणता येईल. बरेचदा डागाआधी दक्षिणेकडच्या पट्ट्यात त्यानं पाडलेली खोबणीच दिसते. एकोणिसाव्या शतकापासून तो आक्रसत आला आहे, तरी अजून पृथ्वीपेक्षा मोठा आहे.

पण गुरूचं खरं वैभव त्याचे चार चंद्र. गॅलिलिओनं ते जानेवारी १६१० मध्ये बघितले: आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. सुरुवातीचे काही दिवस ऍप न उघडता नुसती टिंबं मांडावीत. आयोची फेरी १.७७ दिवसांची, युरोपाची ३.५५, गॅनिमीडची ७.१५, दर वेळी जवळपास दुप्पट. कॅलिस्टोला पावणेसतरा दिवस लागतात आणि ती कधीकधी इतकी दूर जाते की तारा समजून सोडून दिली जाते. मग कोष्टकातून सावलीची वेळ काढावी. आयोची सावली गुरूवर पडते तेव्हा कडेशी आधी एक काळा दात दिसतो, काही मिनिटांत तो टाचणीनं टोचल्यासारखा गोल ठिपका होतो आणि सव्वादोन तासांच्या आसपास पूर्ण चकती ओलांडतो. प्रतियुतीच्या आधी सावली पुढे आणि चंद्र मागे असतो, नंतर उलट. नोंदवहीत नोव्हेंबरची आणि जानेवारीची पानं शेजारी ठेवली की सूर्य कोणत्या बाजूनं प्रकाश टाकतोय ते चित्रातच वाचता येतं. आयोच्या ग्रहणांच्याच वेळा पुढेमागे होताना बघून रोमरनं १६७६ मध्ये प्रकाशाला वेग असतो हे दाखवलं. हातात घड्याळ धरून आयो गुरूच्या सावलीत नाहीसा होताना बघितला की त्या तर्काची उंची कळते.

जानेवारी २०२५ मंगळाचा. १२ तारखेला तो साडेनऊ कोटी किलोमीटरवर, १६ तारखेला प्रतियुती. चकती साडेचौदा आर्कसेकंदांची, म्हणजे गुरूच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. इथे बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण पहिल्या नजरेला नारिंगी गोळीपलीकडे काही दिसत नाही. उपाय तोच: ग्रह उंच चढेपर्यंत थांबणं आणि २४० पट चालेल अशी स्थिर रात्र पकडणं. त्या वर्षी मंगळाचा उत्तर गोलार्ध आपल्याकडे कललेला होता, त्यामुळे उत्तर ध्रुवावरची पांढरी टोपी दिसणारी पहिली गोष्ट ठरली. काळपट प्रदेश त्यानंतर. मंगळ स्वतःभोवती २४ तास ३७ मिनिटांत फिरतो. रोज एकाच वेळी बघितलं तर त्याचा चेहरा दर रात्री नऊ-दहा अंश मागे राहतो आणि पूर्ण मंगळ फिरून बघायला पाच-सहा आठवडे लागतात. सिर्टिस मेजर हा त्रिकोणी काळा डाग तुमच्या वेळेला समोर नसेल, तर वेळ बदला किंवा आठवडाभर थांबा. फोबोस आणि डिमोस या त्याच्या चंद्रांची आशा १५० मिमीला धरू नये. आसफ हॉलनं १८७७ मध्ये ते शोधले ते २६ इंची दुर्बिणीतून.

त्याच महिन्यात संध्याकाळी पश्चिमेला शुक्र झळकत होता. १० जानेवारीला त्याचा परम इनापगम, म्हणजे आकाशात सूर्यापासून जास्तीत जास्त लांब जाणं: ४७ अंश. तेव्हा तो अष्टमीच्या चंद्रासारखा अर्धा, पंचवीस आर्कसेकंदांचा. पुढे दर आठवड्याला तो मोठा होत गेला आणि कोर बारीक होत गेली. मार्चच्या मध्याला साठ आर्कसेकंदांच्या जवळ पोचलेली, केसासारखी कोर. शुक्र पृथ्वीभोवती फिरत असता तर या कला अशा दिसल्या नसत्या, हे गॅलिलिओनं १६१० च्या अखेरीस ओळखलं. नोंदवहीतली सगळी चित्रं एकाच प्रमाणात काढली तर हा पुरावा एका पानावर मावतो. शुक्र अंधारात बघू नये. तो इतका तेजस्वी असतो की कोरीचा आकार झगमगाटात विरतो. सूर्यास्तानंतर लगेच, आकाश निळं असतानाच बघावा. तो खाली उतरला की एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला निळी किनार दिसते. ती आपल्या वातावरणाची करणी, दुर्बिणीची नव्हे.

बुधाचा ८ मार्चला परम इनापगम होता, पण फक्त १८ अंश. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं दिसायला लागतो आणि फार वेळ देत नाही. पश्चिमेचं क्षितिज मोकळं असलेली जागा आधी दिवसा हेरून ठेवावी लागते; झाडं किंवा इमारती असतील तर त्या संध्याकाळचं काम तिथेच संपलं. या वेळी शुक्र पाच-सहा अंशांवर होता, त्यामुळे शुक्र फाइंडरमध्ये धरून तिथून बुधाकडे सरकता आलं. सात आर्कसेकंदांची थरथरती अर्धी चकती, एवढंच. तरी बुध स्वतः बघितलेली माणसं थोडी असतात, आणि तो सापडल्याचा आनंद चकतीच्या आकारावर ठरत नाही. दुर्बीण पश्चिमेला वळवायची ती सूर्य पूर्ण मावळल्यावरच. यात सूट नाही.

एप्रिल-मेमध्ये रात्री निवांत झाल्या आणि सूर्य घेतला. आधी सुरक्षितता, कारण इथली चूक डोळ्यांवरच जाते. फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर, पूर्ण आरशाला झाकणारा आणि पक्का बसणारा हवा. आयपीसला मागे स्क्रूनं लावायचे काळे फिल्टर वापरू नका. एकवटलेल्या उष्णतेनं ते तडकतात. दर वेळी फिल्टर उजेडासमोर धरून टाचणीएवढं भोक किंवा ओरखडा नाही ना ते बघा. असेल तर तो बाद. फाइंडर काढून ठेवा किंवा त्याचं झाकण चिकटपट्टीनं बंद करा. सूर्य शोधायला नळीच्या जमिनीवरच्या सावलीकडे बघा. सावली सर्वांत लहान झाली की नेम बरोबर. आणि दुर्बीण सूर्याकडे लावून क्षणभरही तिथून हलू नका, लहान मुलं आसपास असतील तर मुळीच नाही.

सूर्य तेव्हा ऐन बहरात होता. सूर्यडागांच्या कमीजास्त होण्याचं सध्याचं, पंचविसावं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचा कमाल काळ जाहीर झाला. ४८ पटीत पूर्ण बिंब आयपीसच्या साधारण अर्ध्या क्षेत्रात मावतं. रेखाटनासाठी १०९ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ काढावं. सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट असल्यामुळे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे एक पृथ्वी होते. मग डागाचा गडद गाभा आणि भोवतीची फिकट झालर मोजताना आकडे सांगावे लागत नाहीत. डाग गडद दिसतो कारण तो भोवतालच्या साडेपाच हजार अंश सेल्सिअसपेक्षा हजार-दोन हजार अंशांनी थंड असतो. पूर्व कडेला तो चपटा उगवतो, मध्यावर मोकळा होतो आणि सुमारे तेरा दिवसांनी पश्चिम कडेला पुन्हा चपटा होऊन जातो. रोज पाच मिनिटं पुरतात, पण रोज. मधले चार दिवस ढगात गेले तर कोणता डाग कोणता हे लागत नाही.

राहिला नेपच्यून. २०२४ मध्ये तो मुद्दामच सोडला होता, कारण पुढच्या वर्षी शनी त्याच्या शेजारी येणार होता. ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला दोघांमधलं अंतर एका अंशाच्या आसपास होतं. शनी आधी बघून घेतला. २३ मार्चला पृथ्वी त्याच्या कड्यांच्या पातळीतून गेली होती, पण तेव्हा तो सूर्याजवळ असल्यानं काही दिसलं नव्हतं. २१ सप्टेंबरच्या प्रतियुतीला कल दोन अंशांच्या आतबाहेर, कडी म्हणजे दोन्ही बाजूंना निघालेली बारीक रेघ, आणि ग्रहावर तिची सावली.

मग, ऑगस्टच्या सुरुवातीच्या हिशेबानं, शनीपासून उत्तरेला एक अंश. नेपच्यूनची दृश्यप्रत ७.८, चकती जेमतेम २.३ आर्कसेकंद, १२० पटीत तो ताऱ्यापासून वेगळा सांगणं अवघड जातं. त्यासाठी आकारापेक्षा हालचालीवर भरवसा ठेवावा. क्षेत्रातले सगळे ठिपके कागदावर उतरवायचे, आठवड्यानं तेच क्षेत्र पुन्हा उतरवायचं. प्रतियुतीच्या सुमाराला (२३ सप्टेंबर) तो दिवसाला दीड आर्कमिनिटापेक्षा (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) थोडा जास्त सरकतो, म्हणजे आठवड्यात चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाहून अधिक. दोन कागद एकमेकांवर धरून उजेडासमोर बघितलं, तर एकच ठिपका जागेवर नव्हता. बर्लिनच्या वेधशाळेतल्या गॅलनं २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री फ्रेंच गणितज्ञ ल व्हेरिएच्या गणितावरून तो शोधला, तो बर्लिनच्या नव्या नकाशाशी आकाश ताडून. नकाशात नसलेला ठिपका तोच. चार तासांपूर्वी तिथून निघालेला उजेड आपल्या डोळ्यात येतो, हे त्या फिकट निळसर बिंदूकडे बघताना मनातून जात नाही. ट्रायटन हा त्याचा मोठा चंद्र १३.५ प्रतीचा असल्यानं या दुर्बिणीच्या आवाक्याबाहेर आहे. प्लूटो त्याहून अंधुक.

आता सुरुवात करणाऱ्यांसाठी पुढच्या तारखा: शनीची प्रतियुती ४ ऑक्टोबर २०२६ ला, गुरूची १० फेब्रुवारी २०२७ ला आणि मंगळाची त्याच महिन्यात १९ तारखेला. मंगळ तेव्हा १४ आर्कसेकंदांच्याही किंचित आतच राहील, तेव्हा स्थिर हवेच्या रात्री त्याच्यासाठी राखून ठेवा आणि गुरूची चित्रं त्याआधी, जानेवारीत उरकून घ्या.